ऑलिव्हचा डबा आणि अधिकाचे धोंडे

जालना

जालन्याच्या बसस्थानकाबाहेर हातगाड्यांवर मोसंबी रचून ठेवली होती. सकाळच्या उन्हात तिची हिरवट पिवळी साल ओलसर चमकत होती. कोणीतरी नखाने एक फळ सोलले आणि हवेत असा कडसर गोड वास सुटला की रात्रभराच्या प्रवासाचा शीण क्षणभर विसरावा. दादाने एक मोसंबी उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मी त्याच्या ओठांचा रंग पाहत होते.

या प्रवासात जे पाहिले ते मी असेच पाहिले. आधी दादाचा चेहरा, मग त्याच्यामागचा देखावा. ज्यांनी मराठवाड्याचा हा तुकडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहायला बसले आहे, तेव्हा त्यांना आधीच सांगायला हवे, की इथली नदी, इथली काळी शिवारे आणि इथली ताटे माझ्या वर्णनात किंचित थरथरतील. आताही, घरी परतल्यावर, शेजारच्या खोलीतला त्याचा खोकला ऐकतच मी लिहिते आहे.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही सावंतवाडीचे, मी तिथल्या महाविद्यालयात कविता शिकवते, तो बँकेत अधिकारी आहे. तरुणपणी त्याची बदली अंबडला झाली होती, आणि त्या बदलीवरून तो परतला तो रेखावहिनीला घेऊनच. गोदावरीकाठच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची ती धाकटी लेक. यंदाच्या उन्हाळ्यात दादाला हृदयविकाराचा झटका आला. तो वाचला. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितले, की भूमध्य समुद्राभोवतीची माणसे जशी जेवतात तसे आता यांनी जेवावे. न चाळलेले धान्य, डाळी आणि कडधान्ये, भरपूर पालेभाज्या, फळे, मूठभर दाणे किंवा बदाम, मासे. मांस आणि गोड क्वचित. आणि लोण्यातुपाच्या जागी ऑलिव्हच्या फळाचे तेल. तिकडे हृदयाचे विकार कमी आढळतात, रक्तवाहिन्या जास्त काळ मोकळ्या राहतात, असे त्यांनी समजावले.

"असे जेवलात तर दुसरा झटका टळू शकेल," ते म्हणाले, आणि थोडे थांबून, "कदाचित."

"डॉक्टर, मी ग्रीक नाही हो, सावंतवाडीचा आहे," दादा म्हणाला. सगळे हसले. मी ज्या शब्दांवर जगते त्यांतला 'कदाचित' हा एक शब्द त्या दिवशी माझ्या मनात अडकला तो अडकलाच.

ऑलिव्हचे तेल आमच्या गावात औषधांच्या दुकानात मिळते, छोट्या पत्र्याच्या डब्यात, तान्ह्या बाळांच्या मालिशसाठी. कागदात गुंडाळताना दुकानदाराने मला विचारले होते, "मुलगा की मुलगी?"

आणि मग अधिक आश्विन लागला. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या जादा महिन्याला वहिनीच्या माहेरी धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला विष्णूचे रूप मानून घरी बोलवायचे, पाटावर बसवायचे, आणि कणकेत पुरण भरून केलेले गोळे, म्हणजेच धोंडे, तुपात बुडवून त्याला वाढायचे. अनारशांचे वाण आम्ही कोकणातही देतो, पण ते शेजारच्या घरी वाटी पोचवावी इतक्या सहजपणे. इकडे तो कुळाचा मान असतो. वहिनीचे वडील नाना यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मलाही पलीकडच्या खोलीत ऐकू आला. "अधिक लागला, जावईबापू. धोंडे खायाला यायचंय. बहाणा बिलकुल चालणार न्हाई!"

झटक्याविषयी त्यांना कोणीच कळवले नव्हते. वहिनीची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, तिचा नवरा असाच छातीत कळ येऊन भर शेतात गेला होता. "एक जावई तसा गेला, वन्सं," वहिनी मला म्हणाली. "दुसऱ्याच्या छातीचं ऐकलं तर माझी माय हाय खाईल." दादाला तर कोणी आजारी म्हटलेलेच खपत नव्हते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, जेवण सांभाळण्याच्या अटीवर. ती अट सांभाळायला म्हणून मी निघाले, पिशवीच्या तळाशी डबा ठेवून.

अंबड

अंबडचा बाजार, कचेऱ्या, धुळीतून वळणाऱ्या लाल बसगाड्या. दादा प्रत्येक कोपऱ्यापाशी थांबून आपली तरुणपणाची खूण शोधत होता. इथे चहा प्यायचो, इथे खोली होती, इथल्या वळणावर रेखा पहिल्यांदा दिसली. वहिनी लाजली आणि तिची भाषा झर्रकन बदलली. सावंतवाडीत गेली कित्येक वर्षे आमच्यासारखे बोलणारी ती बाई गावाच्या हवेने पुन्हा इथली झाली.

मत्स्योदरी देवीचे देऊळ टेकडीवर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, असे सांगतात; मला तो पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखा वाटला, श्वास चालू आहे की नाही हे लांबून न कळणाऱ्या.

"अहो, खालूनच हात जोडा की," वहिनी म्हणाली.

"देवी काय म्हणंल? बँकेतला पळपुटा आला?" दादा तिच्याच बोलीत म्हणाला आणि चढू लागला.

पायऱ्यांवर ऊन तापत होते. मी त्याच्यामागे दोन पायऱ्या ठेवून चढत होते, कारण तो कोसळलाच तर मागच्या मागे माझ्या अंगावर यावा, असा माझा वेडा हिशेब होता. त्याचा श्वास मला शिट्टीसारखा ऐकू यायला लागला. अर्ध्यावर ओटीचे सामान विकणारी एक म्हातारी बसली होती. तिने दादाकडे एकदा पाहिले आणि आपले पोते बाजूला सारून जागा केली.

"बसा, पाव्हणे. देवी कुठं पळून चालली न्हाई."

"मी दमलो नाही, मावशी."

"व्हय व्हय. मीच दमले, म्हणून बसा. बोलायला कुणी न्हाई सकाळधरनं."

तो बसला. तिने त्याच्या ओंजळीत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवला. दाण्यांचा खरपूस वास, म्हातारीच्या लुगड्याचा धुराचा वास आणि खाली दूरवर पसरलेली काळीभोर जमीन, तिच्यावर कापसाच्या हिरव्या रांगा. मूठभर दाणे, डॉक्टर म्हणाले होते. निदान हा घास तरी भीतीशिवाय पाहता आला. वर देवीपुढे वहिनीने पदर पसरला तेव्हा तिने काय मागितले ते मी विचारले नाही. मीही तेच मागत होते.

शहागड

शहागडला महामार्ग गोदावरी ओलांडतो. पुलावर मालमोटारींची रांग, खाली पाणी. आमच्याकडच्या नद्या समुद्राला भेटण्याच्या घाईत असतात. ही मात्र मातकट, रुंद, वाळूच्या बेटांना वळसे घालीत सावकाश चालते. अधिकाचे स्नान करणाऱ्या बायका ओल्या वस्त्रांनी काठावर उभ्या होत्या आणि पानांच्या द्रोणांत ठेवलेले दिवे पाण्यावर सोडीत होत्या. भर दुपारच्या उन्हात त्या ज्योती दिसतही नव्हत्या. पुढे वाहत जाणारे द्रोण तेवढे दिसत.

रस्त्याच्या कडेला एका टपरीपाशी दादा थबकला. मोठ्या तव्यावर मसाला लावलेले मासे चुरचुरत होते.

"या साहेब, गोदेचा ताजा मासा. जल्दी सांगा, तवा तापलाय!"

दादाचा चेहरा झटक्यानंतर पहिल्यांदाच लहान मुलासारखा झाला. "बघ," तो मला म्हणाला, "डॉक्टरांचा हुकूम तळला जातो आहे."

"अधिकात?" वहिनी कडाडली. "तोंडाला माशाचा वास घेऊन मायच्या उंबऱ्यात पाय ठेवणार? अन् बसणार विष्णू होऊन पाटावर?"

"विष्णूनं पहिला अवतार माशाचाच घेतला होता," दादा म्हणाला.

"घेतला व्हता. खाल्ला नव्हता."

टपरीवाला मोठ्याने हसला. आम्ही निघालो. डॉक्टरांनी जे पोटभर खायला सांगितले होते ते या महिन्यात निषिद्ध आणि ज्याला हात लावू नका म्हणून बजावले ते तूप पुढच्या गावी तांब्याभर वाट पाहत होते. पुलावरून वळून पाहिले तर एका द्रोणातला दिवा वाळूला लागून अडकला होता. मी नजर काढून घेतली. अशा दिवसांत माणसाने कशाचाही अर्थ लावू नये.

गोदाकाठचे गाव

जीपमधून उतरलो तेव्हा आमच्या भुवयांवरसुद्धा धूळ बसली होती. मातीच्या सपाट धाब्याचे, माळवदाचे घर. दारात वहिनीची आई उभी. तिला घरातले आणि गावातले सारे माय म्हणतात, मीही तसेच म्हणू लागले. ठेंगणी, सावळी, कपाळभर कुंकू. तिने जावयाला उंबऱ्याबाहेर थांबवले, भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळले आणि दृष्ट जावी म्हणून दूर फेकून दिले. ज्वारीची ती भाकर मातीत पडली आणि एक कोंबडी तिच्यावर धावली. ज्याने त्याचे रक्त वाहते राहायचे ते धान्य असे त्याच्यावरून उतरवून टाकलेले मी पाहत राहिले.

"वाळले की हो, जावईबापू!" नाना पटका सावरीत पुढे आले. "बँकवाले उपाशी ठेवून राह्यले काय?"

"काम फार, नाना."

"मंग आता बिलकुल काम न्हाई. खायाचं अन् लोळायचं."

त्या संध्याकाळी ओसरीवर पान मांडले गेले. शेवयांची खीर, आटीव दुधाची. त्यावर पिवळ्या तुपाचे तळे. आमच्याकडे "आणखी वाढू का?" असे विचारतात, आणि नको म्हटले की वाढणारा पुढे सरकतो. इथे विचारण्याची रीत नाही. इथे "नको" या शब्दापासून वाढायला सुरुवात होते. दादाने पानावर दोन्ही हात आडवे धरले तर नानांनी ते हात प्रेमाने बाजूला करून तूप सोडले.

"नाना, मला भाकर द्या ना. अन् आत अंबाडीच्या भाजीचा वास येतोय, ती द्या."

नानांचा हात थांबला. त्यांना आधी ती थट्टा वाटली, मग नाही वाटली. "जावयाला भाकर वाढू? अन् अंबाडी? गाव थुंकंल माझ्या तोंडावर. आमचं काय चुकलं का, जावईबापू?"

"तसं नव्हे, नाना..."

"मंग खा की!"

दादाने खीर खाल्ली. घासागणिक तो माझ्याकडे पाहायचे टाळत होता, आणि मी त्याच्या गळ्याकडे, त्याच्या कपाळावरच्या घामाकडे, उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होते. तूप इतके सुगंधी होते. ते वाईट असायला हवे होते, पण ते रवाळ, उबदार होते, आणि त्याला गोठ्यातल्या पहाटेचा वास होता.

बायकांची पंगत नंतर, चुलीपाशी बसली. मला त्या पाहुणी म्हणून ओसरीवर बसवणार होत्या, मी आत गेले. नवरा गेल्यापासून माहेरीच राहणाऱ्या अक्काने माझ्या ताटात ज्वारीची भाकर टाकली, कण्या घालून शिजवलेली आंबटसर अंबाडी, तिच्यावर करडईच्या कच्च्या तेलाची धार, जवसाची चटणी, मुगाची उसळ, बुक्कीने फोडलेला कांदा. मी पहिला घास घेतला आणि थांबले. न चाळलेले धान्य. पाला. कडधान्य. बियांचे तेल. डॉक्टरांनी टेबलावर ज्या दूरच्या समुद्राचे वर्णन केले होते तो, मासे आणि ऑलिव्ह वगळून, या धुरकट चुलीपुढे माझ्या ताटात होता. सात समुद्रांपलीकडून आणायचे म्हणून मी जे पिशवीत वागवीत आले होते त्याचे सख्खे भावंड इथे रोजचे शिजत होते, आणि ज्या एका माणसाला त्याची गरज होती त्याला ते मिळण्याची सोय नव्हती. घरच्यांनी खायचे ते अन्न. मानाच्या माणसासमोर ते ठेवणे म्हणजे त्याचा अपमान.

"कामून थांबल्या, ताई? तिखट लागलं?" अक्काने विचारले.

"नाही," मी म्हणाले. "फार चांगलं लागलं."

तिने अविश्वासाने माझ्याकडे पाहिले आणि आणखी एक चतकोर टाकला.

शेत

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आम्हाला शेत दाखवायला घेऊन गेले. बोंडे उकलू लागली होती. हिरव्यात मध्येच पांढरा ठिपका. तुरीची पाने हाताला मखमलीसारखी लागत. नाना पुढे, पावसाविषयी आणि मजुरीच्या खर्चाविषयी बोलत, दादा मध्ये, मी मागे. वाऱ्यावर ओल्या मातीचा आणि दूर कुठे तरी पेटवलेल्या गवताचा वास होता.

दादा थांबला. बांधावर बसला. त्याचा हात सदऱ्याच्या खिशात गेला, जिथे जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या.

मी धावले. गोळी त्याने तोंडात टाकलेली होती. चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तरी तो हसण्याचा प्रयत्न करीत होता. "काही नाही. जरा दाटल्यासारखं झालं. नानांना सांगू नकोस."

मी सभोवार पाहिले. इतका वेळ मला सुंदर दिसलेले ते शिवार एकाएकी नुसते अंतर झाले. गाव अंतर, शहागड अंतर, जालन्याचा मोठा दवाखाना म्हणजे तर दुसरा देश. एकही वाहन नाही, झाडसुद्धा लांब. आभाळ प्रचंड निळे. भीतीला सावली लागते असे मला वाटत असे. इतक्या लख्ख उन्हात ती इतकी स्पष्ट दिसू शकते हे मला ठाऊक नव्हते.

नाना परतले. "काय झालं, जावईबापू?"

"काटा रुतला, नाना. पायात."

आणि ते वृद्ध गृहस्थ जावयाच्या पायाशी बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची चप्पल काढली, तळवा मांडीवर घेतला, पटक्याच्या टोकाने पुसला आणि डोळे बारीक करून न रुतलेला काटा शोधू लागले. दादा वरती गोळी विरघळण्याची वाट पाहत होता. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला ओरडावेसे वाटत होते.

"न्हाई की कुठं काटा," नाना म्हणाले.

"निघाला असेल."

"ठणकतंय का अजून?"

"कमी आहे," दादा म्हणाला, आणि त्याच्या ओठांवर रंग परत आलेला मी पाहिला.

डबा

दुपारी दादा झोपला आणि मी ठरवले, की निदान एका माणसाला सांगायचे. अक्का चुलीपाशी एकटी होती. उद्याच्या पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडीत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला. म्हणायचे होते ते असे, की जावयाची भाजी या तेलात करशील का, आणि का ते कोणाला सांगू नकोस. पण मी तोंड उघडायच्या आत तिने डबा उचलून त्याच्यावरचे चित्र पाहिले आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! हे तर लेकराला चोळायचं तेल. माझ्या पुतणीच्या बाळंतपणात दवाखान्यातून आणल्तं." मग आवाज खाली, मग एकदम वर. "म्हणून पाव्हणे वाळले! म्हणून रेखी तोंड लपवून राह्यली! माय! अगं माय, इकडं ये!"

"अक्का, तसं नाही..."

पण माय आली होती, आणि तिच्यामागे सळसळत शेजारीणही. अक्काने डबा उंच धरला होता. माय काही क्षण पाहत राहिली आणि तिने देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. "रेखे, लेक दहावीला अन् तुझं हे काय! पाव्हणे बँकेत व्याज जमा करून राह्यले म्हण की!"

वहिनी दारात येऊन उभी होती. सगळे तिच्याकडे पाहत होते, आनंदाने, थट्टेने. अक्का तर, जिच्या आयुष्यात कित्येक दिवसांत काही चांगले घडले नव्हते, नुसती उजळली होती. वहिनी एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे पाहून भिंतीला टेकली आणि खाली बसून रडू लागली. तसे रडणे कोणाला सुखाचे वाटणार नव्हते. शेजारीण गुपचूप निघून गेली.

"त्यांच्या छातीचं तेल हाय ते, माय," वहिनी म्हणाली. "उन्हाळ्यात झटका आल्ता. वाचले."

अक्काच्या मांडीवरचे सूप कलंडले आणि डाळ सारवलेल्या जमिनीवर पसरली. ती वेचायला कोणी वाकले नाही.

मग मी बोलले. शब्दांची माझी सारी सवय कामी लावून बोलले. डॉक्टरांनी काय सांगितले, कोणत्या अन्नाने काय होते, तूप का नको, भाकर आणि अंबाडी का हवी. माय ऐकत होती. तिने एकही शब्द खोडला नाही. माझे संपल्यावर ती म्हणाली, "थोरल्या जावयाचे धोंडे राह्यले व्हते, ताई."

मला समजले नाही.

"मागल्याच्या मागल्या अधिकात. पेरणी चालू व्हती. ते म्हणले, माय, येता येत न्हाई. मी म्हणलं, बरं, पुढच्या अधिकाला दोन्ही घालू. पुढचा अधिक त्यांनी पाह्यलाच न्हाई." तिने अक्काकडे पाहिले नाही, अक्काने तिच्याकडे पाहिले नाही. "आता तुमी सांगून राह्यल्या, तूप घातलं तर ह्यांना धोका. अन् न घातलं तर? बिनतुपाचं पान आमच्यात सुतकाला वाढतात. जित्या जावयापुढं मी ते कसं मांडू?"

मला तिला सांगता आले असते की या दोहोंत काही संबंध नाही. कविता शिकवणारी असले तरी मी एवढे जाणते. पण सकाळी बांधावर जे माझ्या मनात उठले होते ते मला समोर बसलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत दिसत होते, आणि त्याचे नाव वेगळे असले तरी ते एकाच माणसासाठी होते. मी खाली वाकून डाळ वेचू लागले. नानांना मायने त्या संध्याकाळी सांगितले असावे. ते ओसरीवर आले, दादाच्या तळव्याकडे बराच वेळ पाहत बसले आणि उठून गोठ्यात गेले. त्या रात्री ओसरीवरच्या ताटात दादाला भाकर मिळाली. नाना स्वतः त्या वेळी घरात थांबले नाहीत.

धोंडे

सकाळी स्वयंपाकघरात कढई चुलीवर चढली नाही. मायने मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवले, त्यावर कापड ताणून बांधले आणि पुरणाचे गोळे वाफेवर ठेवले. तळायचे ते उकडून काढले. तशीही रीत आहे म्हणाली, कुणी ठेवतात, कुणी ठेवत नाहीत. वाफेतून वेलदोड्याचा आणि गुळाचा वास येत होता. अक्का पुरण भरत होती आणि गोळे नेहमीपेक्षा लहान होत होते. माय ते पाहत होती आणि मोठा कर म्हणत नव्हती.

ओसरीवर पाट मांडला, रांगोळी काढली. नानांनी जावयाच्या खांद्यावर नवा शेला घातला, टोपी ठेवली, कपाळाला गंध लावले. हे सगळे त्यांनी हळुवार केले, काचेचे भांडे हाताळावे तसे. आणि दादाला ते सोसत नव्हते हे मला दिसत होते. परवा ज्याला रागावून पोटभर वाढीत होते त्याला आज ते जपत होते. दादाने विनोद करायचा प्रयत्न केला. "नाना, विष्णूला घाम फुटला." नाना हसले नाहीत.

पानात भाकर होती, अंबाडी होती, मुगाची उसळ होती. या घरात धोंड्यांच्या पानात ती पहिल्यांदाच आली असेल. आणि मधोमध दोन धोंडे, पांढुरके, वाफाळणारे, कोरडे.

माय तुपाची वाटी घेऊन आली. ती पानापुढे उभी राहिली. वाटी तिने कलती केली, पुन्हा सरळ केली. पुन्हा कलती केली. तूप काठापर्यंत आले, थरथरले आणि मागे गेले. दारातून वहिनी आणि अक्का पाहत होत्या. गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा अधूनमधून वाजत होती.

मग माय माझ्याकडे वळली आणि ती वाटी तिने माझ्या हातात दिली.

"तुमचा भाऊ हाय," ती म्हणाली. "किती वाढायचं ते तुमी वाढा. माझ्यानं ठरत न्हाई."

इतक्या दुरून मी ज्याच्यासाठी आले होते ते माझ्या स्वाधीन झाले होते. मी वाटी तशीच खाली ठेवू शकत होते. डॉक्टरांनी तेच सांगितले असते, आणि तेच बरोबर होते. वाटी कोमट होती. मी खाली पाहिले. दोन कोरडे धोंडे, शेला पांघरलेला माझा भाऊ, त्याच्या मानेवरची ती एक शीर, जी उन्हाळ्यापासून मी रोज पाहते. आणि माझ्या मनात, माझ्या नकळत, मायचे वाक्य उभे राहिले: पुढचा अधिक त्यांनी पाह्यलाच न्हाई.

मी वाटी कलती केली. एक थेंब पडला, मग दुसरा. मला थांबायचे होते. पण थेंबाची धार झाली आणि माझा हात मागे येईना. इतके पुरेल का, इतक्याने तो वाचेल का, की अजून थोडे घालावे म्हणजे कुठूनच काही राहून जायला नको. पहिला धोंडा पिवळा झाला. तूप पानावर उतरू लागले. दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. या वेळी त्याने पानावर हात आडवे धरले नाहीत.

माझ्या मनगटावर खरबरीत बोटे पडली.

"पुरे," माय म्हणाली.

नानांनी चमकून तिच्याकडे पाहिले. वाढणारीच्या तोंडून हा शब्द त्या ओसरीने कधी ऐकला नसावा. मायने माझ्या हातातली वाटी काढून घेतली, पानावर ओघळलेले तूप आपल्या पदराने टिपून घेतले आणि पुन्हा, हलकेच म्हणाली, "पुरे, ताई. बास."

दादाने धोंड्याचा तुकडा मोडला. आणि तो घास त्याच्या गळ्याखाली उतरेपर्यंत आम्ही दोघी, ती आणि मी, तिथेच उभ्या राहिलो, एकमेकींच्या मनगटाला धरून.